माळवदाखालचा मृत्यू

निवृत्तीनंतर बऱ्याच केसेस विसरलो. एक मात्र विसरू म्हणता विसरत नाही.

पूर्णा तालुक्यातलं एक गाव माझ्या ठाण्याच्या हद्दीत होतं. गावात जुनं दगडी देऊळ, सरकारचं संरक्षित स्मारक. त्याला खेटून दोन भावांचं माळवदाचं घर. म्हणजे लाकडी खांबांवर तुळया आणि वर मातीचं जाड छत. स्मारकाशेजारी कुठलंही बांधकाम करायचं तर परवानगी लागते. पण गावाचा पक्का समज असा, की अर्ज केला की सरकार घरच काढून घेतं. त्यामुळे अर्जाच्या भानगडीत कुणी पडत नसे. दर्शनी भिंत जुनीच ठेवायची, माळवदावर दरसाल पांढरी माती टाकायची आणि आतून हवं ते फोडायचं, ही तिथली रीत. पाहणीला येणारेही बाहेरूनच बघून जात.

त्या घरातला धाकटा भाऊ शेतातल्या विहिरीत मेलेला सापडला. खबर थोरल्यानंच दिली. बायको भांडून माहेरी गेली, त्या दुःखात त्यानं उडी घेतली, असा त्याचा जबाब. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद घेतली, पंचनामा केला. शवविच्छेदनात मृत्यूचं कारण बुडणं असं आलं; अंगावरचा मार विहिरीच्या दगडांचा धरला गेला. प्रकरण मिटल्यात जमा होतं.

मग मृताची बायको ठाण्यात आली. अंत्यविधीलाही सासरच्यांनी तिला उंबरा ओलांडू दिला नव्हता.

"साहेब, समदे म्हणायलेत, हिनंच नवरा खाल्ला. उद्या माझ्या लेकरांलाबी हेच सांगतेल. त्येंनी जीव दिला न्हाई. तुमी तेवढं शोधा."

"भांडण कशावरून झालं?"

"घराच्या कामावरून. मधले खांब काढू नका म्हणलं, वर लय माती हाय. कुणी आयकलंच न्हाई."

घराच्या कामाबद्दल थोरला अवाक्षरही बोलला नव्हता. मी शवविच्छेदनाचा अहवाल पुन्हा काढला. श्वासनलिकेत पांढुरकी माती, असं त्यात होतं. विहीर तर काळ्या मातीच्या रानात. मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, माती आधी गेली असावी, पाणी नंतर.

पंच घेऊन गावात गेलो. बाहेरून घर जसंच्या तसं. मधल्या खोलीच्या दारात थोरला आडवा आला.

"आत देव हाय साहेब, बूट चालत न्हाईत."

मी बूट काढले आणि आत गेलो. देव कुठला! तिथं छतच नव्हतं. खाली पांढऱ्या मातीचा ढीग, मोडकी तुळई आणि वर ताडपत्री.

ठाण्यात आणल्यावर तो फार वेळ टिकला नाही. माणूस मुळात खोटारडा नव्हता.

"कुजके खांब बदलाया काढताना माळवद खाली आलं साहेब. उकरून काढलं तवा त्यो हालत न्हवता. मेलाच होता. दवाखान्याची गाडी बोलावली आसती तर समद्यांनी घर बघितलं आसतं. घर गेलं आसतं."

"बुडून मरायला माणूस जिवंत असावा लागतो," मी म्हणालो. "तू विहिरीत टाकलास तेव्हा तो श्वास घेत होता."

तो म्हणाला, "म्हंजी म्याच?"

मला त्याची चीडही आली आणि कीवही. गुन्हा दाखल केला, त्याला अटक केली.

त्याच्या भावजयीला मीच बोलावून सांगितलं, की तुझ्या नवऱ्यानं जीव दिला नाही. उरलेलं कोर्टात तिच्या कानावर जाणारच होतं, म्हणून तेही सांगितलं. तिनं एकच विचारलं.

"पाण्यात टाकलं तवा त्येंला कळलं आसल का?"

डॉक्टर म्हणाले होते, बहुतेक बेशुद्ध असावा. मी म्हणालो, "नाही."

पुढे पुरातत्त्व खात्याच्या एका अधिकाऱ्याला मी विचारलं. ते म्हणाले, जुने खांब बदलून माळवद दुरुस्त करायला रीतसर परवानगी मिळाली असती. नोकरीत मी जमिनीसाठी, बाईसाठी, रागाच्या भरात झालेले खून पाहिले. सरकारी कागदाची भीती माणसाला इतक्या खाली नेते, हे मला या केसनं शिकवलं. त्या दिवशी त्यानं गाडी बोलावली असती, तर घराला फार तर एक नोटीस आली असती आणि भाऊ कदाचित वाचला असता.