कोरडी बुडी

नव्वदच्या दशकात बाबांचे दोन मोतीबिंदू दोन वेगळ्या दवाखान्यांत निघाले. बाबा काशीतले वैदिक. पहाटे शिंदे घाटावर गंगेत बुडी मारल्याशिवाय दिवस उजाडलाच नाही, असं त्यांचं मत.

पहिला डोळा मोठ्या दवाखान्यात झाला. आधी कोणी खोकला विचारला नाही की साखर तपासली नाही. बाकावर बसवलं, नंबर आला, आत नेलं. घरी सोडताना कंपाउंडर एका दमात म्हणाला, "आंख में पानी नहीं जाना चाहिए, चलिए, अगला!" बाबांनी मान डोलावली आणि दुसऱ्याच पहाटे बुडी मारून आले. मी कपाळावर हात मारून घेतला.

"तो पाणी नको म्हणाला," बाबा म्हणाले. "गंगा काय पाणी आहे?"

डोळा लालबुंद होऊन सुजला. कसाबसा वाचला, पण धुरकटच राहिला. आता सगळी भिस्त दुसऱ्यावर. तोही गेला तर बाबांची पोथी कायमची मिटणार, या धास्तीने मी देव पाण्यात ठेवले.

दुसरा दवाखाना लहान होता. खोकण्याकुंथण्याने डोळ्यावर ताण येतो म्हणून तिथल्या नर्सबाईंनी ऑपरेशनच्या आधीच खोकल्यापासून पोट साफ होतं का इथपर्यंत सगळं विचारलं. बाटलीचं टोक डोळ्याला न लावता थेंब कसे घालायचे, ते माझ्याकडून करून घेतलं. मग बाबांना विचारलं, "पंडितजी, सुबह उठकर क्या-क्या करते हैं?" गंगास्नान निघालंच. आता रागावणार, असं मला वाटलं. पण त्या म्हणाल्या, "बीमार आदमी के लिए शास्त्र में कोई रास्ता तो होगा?"

झालं! बाबांची कळी खुलली. स्नानाचे सात प्रकार त्यांनी साग्रसंगीत सांगितले आणि शेवटी मानसस्नानावर आले. "मन में डुबकी, शरीर सूखा. सबसे श्रेष्ठ!"

"तो महीना भर वही कीजिए," नर्सबाई म्हणाल्या.

बाबा आपल्याच शास्त्रात सापडले. मला हसू आवरेना.

पट्टी सुटली तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरातली बारीक तिथीसुद्धा वाचली. माझा जीव भांड्यात पडला. पण काही दिवसांनी एका पहाटे पाहते तर अंथरूण रिकामं! थेंबांची बाटली मुठीत धरून, मनातल्या मनात त्यांचा उद्धार करत मी अनवाणी घाटाकडे धावले.

बाबा अगदी वरच्या पायरीवर बसले होते. अंगावर कोरडं धोतर, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि दोन बोटांनी नाक घट्ट दाबलेलं.

"बाबा!" मी ओरडले.

"चिल्लावू नकोस," ते नाकातून म्हणाले. "मी अजून वर कुठे आलोय?"

मला त्यांची इतकी माया आली की डोळे भरून आले. मी शेजारी बसून राहिले. थोड्या वेळाने त्यांनी नाक सोडलं, मोठा श्वास घेतला, चष्मा काढला आणि आपणहून चेहरा वर केला.

"घाल आता थेंब."