पुरस्कार घ्या, पण वाजवू नका

लाइल पॅस्कोने ऑस्ट्रेलियातल्या जिलाँग शहरात चाळीस वर्षं जॅझ फ्यूजन गिटार वाजवली. त्याच्या तेरा मात्रांच्या चालींवर टाळी कुठे द्यायची ते कळत नसे, म्हणून लोक बिअर आणायला उठत आणि परतच येत नसत. अखेर शहराने त्याला संगीतसेवेचा पुरस्कार दिला. अट एकच, समारंभात वाजवायचं नाही.

"गपचूप घे आणि चल," बायको मर्ल म्हणाली. त्याने घेतला.

बाहेर गाडीपाशी एक म्हातारी आडवी आली. "तासभर प्रवास करून कोलॅकहून तुझी गिटार ऐकायला आले रे! वाजवलं का नाहीस?"

गिटार सवयीने गाडीत होतीच. लाइलने ती काढली. अॅम्प्लिफायर नव्हता, म्हणून म्हातारीने कान तारांपाशी नेला. मर्ल हॉर्न वाजवत राहिली, हा गिटार. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा अख्खा श्रोतृवर्ग शेवटपर्यंत थांबला.