कुपातलं एकटं चाराचं झाड

रानातल्या नाक्यानाक्यांवर विखुरलेल्या वनरक्षक सोबत्यांनो,

वाचून झालं की नेहमीसारख्या आपल्या दोन ओळी जोडून हे पत्र पुढच्या नाक्यावर धाडा. आज जे झालं ते कुणाला तरी सांगायचं होतं, आणि इथं बोलायला कुणी नाही.

मुलचेऱ्याकडच्या कुपात, तोडीसाठी आखून दिलेल्या त्या रानाच्या तुकड्यात, आज शेवटची तोड होती. साग लावायचा आहे, बाकी सगळी झाडं काढा, असा हुकूम. चारोळीची, म्हणजे चाराची झाडंही गेली. एकच उरलं, तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या सोमीबाई त्याच्या खोडाला टेकून उभ्या राहिल्या.

"नाकेदार, हे काऊन तोडून राह्यले? याची फळं अस्वल खाते अन् बिया रानभर तेच टाकते. आमी कधी चार पेरला नाई."

मी मजुरांना थांबवलं. खोडाला चुना लावला आणि वहीत लिहिलं, 'हद्दीचं झाड, तोडू नये.' हे खोटं आहे. साहेबांनी तपासलं तर नोकरी जाईल.

वाटलं, बाई खूश होतील. त्यांनी चहूकडं पाहिलं. नुसते बुंधे होते.

"ठेवलं तं खरं. पन एवढ्या उघड्यावर अस्वल येईन का? अन् बी पडलं तरी साग लावाच्या आधी तुमी सारं जाळून टाकसान."

त्या गेल्या, मग मजूरही गेले.

सोबत्यांनो, तुमच्या कुपात एखादं चाराचं झाड उभं आहे का? असलं तर नक्की लिहा. इथून अस्वलाला चालत जाता येईल इतकं ते जवळ असलं, तर मला फार बरं वाटेल.