वाळुंजाच्या मुळ्यांतली पिल्लं

ओढा स्वच्छ करायची कल्पना माझी. दुसऱ्या कुणाच्या नावावर खपवता आली असती तर मी खपवली असती, पण सगळ्या गावाला ठाऊक आहे, आणि ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना मीच कौतुकानं सांगितलं होतं.

माझं सगळं आयुष्य एका कारखान्याच्या कँटीनवर देखरेख करण्यात गेलं. ओट्यावर पाण्याचा एक ओघळ दिसला तरी माझं डोकं फिरायचं. हाताखालच्या बायका मला घाबरायच्या, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. निवृत्त झाले, घरातले डबे घासून घासून संपले, तेव्हा माझी नजर ओढ्यावर गेली. आमचं गाव परंदवडीच्या पुढं. डोंगराकडून येणारा ओढा गावाच्या खालच्या अंगाला पवनेला मिळतो, आणि मिळण्याआधी जरा रेंगाळतो. तिथं काठावर वाळुंजाची आणि करंजाची झाडं. त्यांच्या पाण्यात उतरलेल्या मुळ्यांचे गुंते, गुंत्यांत अडकलेला पाला, मोडून पडलेल्या फांद्या, शेवाळलेले दगड, आणि अधूनमधून प्लास्टिकच्या पिशव्या. मला हे सगळं एकाच मापाचं दिसलं. घाण.

त्यात तालुक्यातल्या गावांची स्वच्छतेची स्पर्धा जाहीर झाली. मग काय, मी बचत गटाच्या बायकांना कामाला जुंपलं. दिवाळी होऊन गेली होती, पाणी उतरलं होतं आणि सकाळी दात वाजतील असा गारठा होता. पिशव्या आणि बाटल्या पहिल्याच दिवशी निघाल्या. तिथंच थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण एवढ्यानं स्पर्धेच्या समितीच्या डोळ्यांत काही भरणार नाही असं मला वाटलं. मी कोयते मागवले. पाण्यातल्या फांद्या ओढून काढल्या, मुळ्या छाटल्या, तळातले गोटे उचलून काठावर रांगेनं मांडले आणि त्यांना एकाआड एक चुना आणि गेरू फासला. ओढा कसा, शाळेच्या पहिल्या दिवशीच्या मुलासारखा चापूनचोपून बसला. आमचे हे संध्याकाळी फिरत आले, बघितलं आणि म्हणाले, ओढ्याच्या भिवया कोरून आणल्यास वाटतं. मी ते कौतुक समजले.

हे सगळं चालू असतानाची एक गोष्ट आहे. वाळुंजाच्या मुळ्यांचा एक मोठा गुंता काही केल्या निघेना. शेवटी मी स्वतः पदर खोचून पाण्यात उतरले. आम्ही तिघीचौघींनी मिळून तो ओढला आणि वाळूत आणून टाकला. पाणी निथळलं, आणि त्याबरोबर पाल्यातून मासळीची पिल्लं गळायला लागली. बोटाच्या पेराएवढी, काही त्याहून बारीक. बरीचशी खडस माशाची, पाठीवर सोनेरी झाक असलेली. मासा पाण्याबाहेर पडला की किती उड्या मारतो, पण ही थंडीनं इतकी आखडलेली होती की धड तडफडतही नव्हती. नुसती तोंडं उघडत होती आणि मिटत होती.

एक बाई ओंजळ पुढं करून म्हणाली, "मावशी, ही बगा. लय हायेत मुळ्यांत. मुळ्या काडायच्या का ऱ्हाऊ द्यायच्या?"

समोर एकीनं मोबाइल धरला होता, फोटो काढायला. मी पदर सारखा केला आणि म्हणाले, "टाक पाण्यात. जातील कुठंतरी."

कुठंही जाणार नव्हती, आणि ते मला त्याच क्षणी माहीत होतं. माझं माहेर पवनानगरच्या बाजूचं. वडील शेती करायचे आणि जोडीला जाळं टाकायचे. पण मार्गशीर्ष लागला की मुळ्यांच्या आणि दगडांच्या जागी ते जाळं टाकत नसत, आम्हा पोरांना हातसुद्धा घालू देत नसत. पावसाळ्यात जन्मलेली पिल्लं थंडीत तिथं शिरून बसतात. गार पाण्यात त्यांच्या अंगात पळायचं बळ नसतं, पक्षी वरून टपलेले असतात, मोठे मासे खालून. उन्हं तापेपर्यंत तेवढाच त्यांना आडोसा. होळी झाली की घाला काय घालायचं ते जाळं, असं वडील म्हणायचे. यात काही मोठी विद्या नव्हती. अन्नाला पाय लावू नये हे जसं घरात आपोआप कळत जातं, तसंच हे कळलेलं. तेव्हा मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय माझ्याकडं नाही. मला फोटो हवा होता.

त्यानंतर मी रोज सकाळी माझं काम बघायला जायची. पाणी इतकं नितळ झालं होतं की तळाची वाळू मोजून घ्यावी. त्या उघड्या वाळूवर पिल्लं दिसायची, काठाला एकमेकांना चिकटून. लपायला काही नव्हतंच. पहिले बगळे आले. मग पाणकावळे आले, मग विजेच्या तारेवर एक खंड्या येऊन बसायला लागला. त्यांना बिचाऱ्यांना काही कष्टच नव्हते, मी पंगत मांडून ठेवली होती. आणि कहर म्हणजे लोक ते पक्षी बघायला यायला लागले. सोमाटण्याहून एक जोडपं मोठा कॅमेरा घेऊन आलं आणि त्यातल्या बाईनं माझे हात हातात घेऊन सांगितलं की तुमच्यामुळं इथं पक्षी परतले. मी हसले. चहाला घरी चला असंही म्हणाले.

पिल्लं रोज कमी होत गेली. मग एके दिवशी एकही दिसलं नाही. मी वरपासून खालपर्यंत काठानं चालत गेले, माझ्या चुन्या-गेरूच्या दगडांच्या बाजूनं, वाकून वाकून बघत. काही नाही. पुढं दोन-चार दिवसांत बगळेही उठून गेले, कारण त्यांचंही काम संपलं होतं. इतका स्वच्छ आणि इतका रिकामा ओढा मी कधी पाहिला नव्हता. मला तिथं उभं राहवेना.

घरी आले आणि ह्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, मग सांगून टाक की लोकांना. इतक्या सरळपणानं म्हणाले की माझा तिळपापड झाला. तुम्हाला घरात बसून बोलायला काय जातं, म्हणून मी त्यांच्यावरच तोंड टाकलं. माणूस चूक स्वतःची असली की घरातल्यावर ओरडतो, निदान मी तरी ओरडते.

आणि आमचा पहिला नंबर आला.

शाळेच्या पटांगणात सत्कार झाला. माझ्या माहेरची मंडळीही आली होती. धाकटा भाऊ आणि त्याची बायको, म्हणजे माझी वहिनी. ती तिकडच्या बायकांच्या गटाची अध्यक्ष आहे, तिच्याबरोबर गटातल्याही काहीजणी होत्या. मी घरून निघताना ठरवलं होतं की माइक हातात आला की सांगायचं, मुळ्या काढणं चुकलं, कुणी काढू नका. माइक हातात आला. मी सगळ्यांचे आभार मानले, बायकांच्या कष्टांचं कौतुक केलं, आणि शेवटी म्हणाले की निसर्गाचाही विचार व्हायला हवा. असलं वाक्य ऐकून आजवर कुणी कधी काही करायचं थांबलंय का? घरी आल्यावर मी ह्यांना सांगितलं की वेळच नव्हता, माइक खरखरत होता, समितीच्या लोकांना जायची घाई होती. त्यांनी सत्काराची शाल घडी करून कपाटात ठेवली. त्याचाही मला राग आला.

निघताना वहिनीनं मला मिठी मारली होती आणि कानाशी म्हणाली होती की येत्या रविवारी आम्हीही आमचा ओढा असाच करणार आहोत. तो ओढा म्हणजे वडिलांचा. त्याच्या मुळ्यांत आम्ही लहानपणी हात घातला नाही तो. आमच्याकडची पिल्लं गेली ती गेली, पण तिकडची अजून होती, आणि ती राहतात की जातात हे आता माझ्या एका फोनवर होतं. मी फोन केला. भाच्याची परीक्षा, भावाची गुडघेदुखी, गव्हाची उगवण, सगळं विचारून झालं. मुळ्यांचा विषय जिभेवर आला आणि मी म्हणाले, बरं, ठेवते. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. पुन्हा तेच, फक्त रविवारी मी येते एवढं सांगितलं. फोनवर कसं सांगायचं, समोरासमोर सांगू, असं मी मनाशी म्हणत राहिले आणि रविवार उजाडला.

बेगडेवाडीला लोकल धरली, कामशेतला उतरले, पवनानगरच्या जीपमध्ये बसले. जीपवाला ओळखीचा निघाला. म्हणाला, मावशी, तुमचा फोटो लागलाय की तिकडं. मला वाटलं मोबाइलवर कुठंतरी असेल. ओढ्यावर पोचले तर दोन बांबूंना दोरीनं बांधलेला मोठा फ्लेक्स, आणि त्यावर मी. सत्काराच्या दिवशीचीच, शाल घेतलेली, हसणारी. खाली लिहिलं होतं, मार्गदर्शक. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

बायका कोयते घेऊन गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. चुन्याची आणि गेरूची पिंपं काठावर तयार होती. मी येईपर्यंत त्या थांबल्या होत्या, नारळ माझ्या हातून फोडायचा म्हणून. वहिनीनं नारळ पुढं केला. मी तो घेतला नाही.

"मुळ्या काढू नका," मी म्हणाले. "पिशव्या, बाटल्या काय त्या काढा. मुळ्यांना आणि दगडांना हात लावू नका. आत पिल्लं आहेत. आमच्याकडची सगळी मेली. माझ्यामुळं मेली."

कुणाला काही उमजेना. एक बाई फ्लेक्सकडं बघत होती, एक माझ्याकडं. वहिनीनं पुढं केलेला नारळ मागं घेतला. मग ती सावकाश बोलली, "मामंजी सांगायचे त्ये. थंडीत मुळ्यांत हात घालू नगा म्हनायचे. मला ठावं हाय, वन्सं. मी ह्या बायकांना म्हनलं बी. पर तुमीच काडल्या म्हनल्यावर मला वाटलं, तुमी त्यांची लेक, तुमाला माझ्यापरीस जास्त कळत आसंल."

वडिलांचं बोलणं माझ्या वहिनीनं, बाहेरून आलेल्या बाईनं, जपलं होतं, आणि तेच ती माझ्याकडं बघून मोडायला निघाली होती. मला रडू आलं. ते मला लपवताही आलं नाही, सगळ्या बायका बघत होत्या.

"मग त्या दिशी का न्हाई बोलला?" वहिनीनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं. "मी म्होरंच बसलेली. माइक तुमच्या हातात व्हता."

ह्यांना सांगितलेली सगळी कारणं मला आठवली. वेळ नव्हता, माइक खरखरत होता.

"टाळ्या वाजत होत्या," मी म्हणाले. "मला त्या थांबायला नको होत्या."

 वहिनी बायकांना पाण्याबाहेर या म्हणाली, नारळ खाली वाळूत ठेवला, आणि बांबूपाशी जाऊन फ्लेक्सची दोरी सोडायला लागली.