विकलेली पेन्शन

केजच्या आमच्या गल्लीतले फौजी एकदा ठरवलं की बदलत नाहीत. चुकीच्या जीपमध्ये बसले तर थेट धारूरला जाऊन येतील, पण मधे उतरणार नाहीत. माघार हवी आहे ती एकाच बाबतीत. निवृत्त होताना त्यांनी निम्मी पेन्शन विकून एकरकमी पैसे घेतले आणि दुष्काळात दारापुढे बोअर घेतला. पाणी लागलं, ते सगळ्या गल्लीचं झालं. आता, पैसे परत घ्या आणि माझी पेन्शन मला द्या, म्हणून ते कडक इस्त्रीत दर महिन्याला बीडचं सैनिक कार्यालय गाठतात.

अर्ज मंजूर झाला की सरकार बोअर जमा करणार, असं गल्लीनं पक्कं धरलंय. मी एकदा फौजींना म्हटलं, "बोअर कुठं जात नाही, हे गल्लीला खरं सांगून टाका की."

"कावून सांगू? भ्यानं घागरींची लाईन सरळ राहती."

काल ते जीपमधून उतरताच शेजारच्या मावशींनी घागर धरूनच विचारलं, "काय म्हनले सायेब?"

"न्हाई म्हनले."

"लई बरं झालं."

फौजींनी बूटसुद्धा न काढता बोअरची मोटार चालू केली. "भरून घ्या, मावशी. पुढच्या महिन्यात परत चाललोय."