नवरदेवानं ढकललेली मोटार

आमची जुनी मोटार बंद पडायची, याबद्दल माझी तक्रार नव्हती. तक्रार एवढीच, की ती पुन्हा चालू व्हायची!

बंदच राहिली असती तर हबीबभाई मिस्त्रींनी तिचा आजार हुडकला असता. पण ही बया त्यांच्या गॅरेजात गेली की एकदम ठणठणीत! कार्बोरेटर धुतला, प्लग बदलले. शेवटी हबीबभाई म्हणाले, "मास्तर, गाडीमें कुछ बी नै. आपकू वहम है." (वहम मला, धक्के मारायचे परभणीकरांनी!)

तशात धाकट्या बहिणीचं, शांताचं लग्न आलं. झरी गावाला, दुपारी बाराचा मुहूर्त. नवरदेव रेल्वेनं परभणीला उतरणार होता. वडील म्हणाले, "जीप सांगू का?"

"घरची मोटार असताना?" मी म्हणालो. मिरवायची खोड, दुसरं काय!

वऱ्हाड एस्टीनं पुढं गेलं. मागं नवरदेव आणि त्याचे मामा, पुढं मी आणि माझी बायको सुमन. पाच-सहा किलोमीटरवर गाडी गप्प! मी टाकीचं झाकण उघडून डोकावलो. पेट्रोल भरपूर. झाकण घट्ट लावलं, किल्ली फिरवली, चालू! थोडं पुढं जाऊन पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी झाकण उघडलंच नाही, सरळ ओरडलो, "ढकला!" नवरदेव मुंडावळ्या सावरत ढकलायला लागला. गाडी ढिम्म.

कापूस वेचणाऱ्या बाया थांबल्या. "आगं बया, नवरदेव गाडी ढकलायलाय की!"

मामा कडाडले, "मास्तर, लगीन आज लावायचं हाय का पुढल्या साली?"

साडेअकरा वाजले होते. शांता मांडवात बसलेली, अन् तिचा नवरदेव मी रस्त्यात अडकवलेला! मला अक्षरशः रडू यायला लागलं.

सुमन खाली उतरली. "आवो, तुमी झाकण उघडलं की ही चालू व्हती. आता उघडलं न्हाई, तर ढिम्म. तेलाच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो ना? एकानं तेल, एकानं वारा. एकच पाडलं तर तेल येतंय का? ह्या झाकणाला वाऱ्याचं भोक कुठाय?"

"होतं," मी पुटपुटलो. "मी बुजवलं."

गाडी घेतली त्याच दिवशी! पेट्रोलचा वास येतो म्हणून, परीक्षेच्या पाकिटांना लावतात ती लाख लावून. वर सवयीनं शाळेचा शिक्काही मारला होता. (सरकारी सील समजून हबीबभाईंनी त्याला हातच लावला नव्हता!)

सुमननं केसातल्या आकड्यानं लाख खरवडली. गाडी जी सुटली, ती थेट मांडवापुढं थांबली! पाच मिनिटं राखून नवरदेव बोहल्यावर चढला. अक्षता पडल्या तेव्हा मी खुशीनं हुंदके देत होतो.

पंगतीत मामांनी मला जवळ बसवलं. "मास्तर, एक इचारायचं राहिलं. तुमी शाळेत शिकवता तरी काय?"

त्याच आठवड्यात मी आठवीच्या पोरांना हवेचा दाब शिकवला होता, तोही प्रयोगासह.

"इतिहास," मी सांगितलं.