बाबा रुआहाला गेले, माझ्याकडे नाही

मी सिडनीत, वेस्टमीडला एका लॅबमध्ये काम करते. दिवसभर सॅम्पल आणि रिपोर्ट. कुणी भुताखेतांचे किस्से काढले की मी उठून चहा टाकायला जाते... त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय. तसा सगळ्यांचाच येतो.

कोविडच्या आधीच्या वर्षी आम्ही आफ्रिकेत सफारीला गेलो होतो — मी, नवरा निखिल, लेक रिया आणि पुण्याहून आलेले बाबा. दक्षिण टांझानियात, रुआहाच्या जंगलातला कॅम्प. सहा तंबू, छोट्या विमानाने जायचं, मोबाईलला रेंज नाही, फक्त ऑफिसच्या तंबूत सॅटेलाईटचं वायफाय. जन्मभर बँकेत मान मोडून काम केलेले बाबा तिथे वेगळेच झाले. जोसेफ नावाच्या गाईडशी त्यांची गट्टी जमली. नदीकाठी खुर्च्या टाकून दोघं तासन्‌तास हत्ती बघत बसायचे.

२०२१च्या दुसऱ्या लाटेत बाबा पुण्यात ॲडमिट झाले. तेव्हा ऑस्ट्रेलियातून बाहेर पडायलाही सरकारची परवानगी लागायची; मी ती मागितली. नकार. पुन्हा मागितली, पुन्हा नकार — दोन ओळींचा ईमेल. सकाळी साडेदहाला ते गेले. इथे दुपारचे तीन वाजले होते, मी शिफ्टला होते. अंत्यसंस्कार फोनवर पाहिले, तेही मध्येच कट झाले.

दुसऱ्या दिवशी जोसेफचा मेसेज आला. वर्षभरात त्याच्याशी बोलणं नव्हतं. कॅम्प बंद होता, तो एकटाच राखणीला. त्याने लिहिलं होतं, "काल सकाळी आठला तुझे बाबा नदीकाठी बसले होते. मी हात केला, त्यांनीही केला. चहा घेऊन आलो तर नव्हते. सगळे ठीक आहात ना? आणि त्यांनी मिशी कधी काढली?"

तिथले आठ म्हणजे पुण्यातले साडेदहा.

निखिल म्हणाला, एकटा राहून भास झाला असेल. मलाही ते पटलं, कारण बाबांना मिशीशिवाय मी कधी पाहिलंच नव्हतं. तरी पुण्यातल्या दादाला फोन लावून मिशीचं विचारलं. 

"ऑक्सिजनचा मास्क नीट बसेना म्हणून आदल्या रात्री काढली," तो म्हणाला. "तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नव्हतो."

दादा जोसेफला ओळखतही नाही.

मी रडले नाही, भडकले. दोन वर्षं मी त्यांची वाट बघत होते. ज्यांना तिकीट, व्हिसा, परवानगी काही लागलं नाही, त्यांना सिडनी लांब पडलं? इथे मी बंद दारांआड अडकलेली, आणि हे जंगलात!

शेवटी जोसेफला विचारलंच, माझ्याबद्दल काही म्हणाले का?

"नाही," त्याने लिहिलं. "फार खुशीत दिसत होते."

माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. तुमच्याकडे असेल तर खाली लिहा. पण 'ते सुखात आहेत, यातच समाधान मान' असलं काही लिहू नका. मला अजून ते जमत नाही.